कफील निवडणुकीला उभा राहिला तेव्हा

बोकड काढ, पण त्याला डोळे नकोत, असं एका मटणवाल्याने मला बजावलं होतं. जेद्दाला जाऊन मला तेव्हा दोनच महिने झाले होते. मी पाटीवर ऐटबाज बोकड रंगवला होता, शिंगं, दाढी, सगळं जिथल्या तिथे. मटणवाला म्हणाला, सजीवाचं चित्र म्हणजे गुनाह. मग मी डोळे पुसले. पुढे आठ वर्षं तो आंधळा बोकड अल अझीझियातल्या त्या गल्लीत लटकत होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मटण कुठे मिळतं ते बिनचूक दाखवत होता.

त्यानंतर एक सलूनवाला आला. त्याच्या पाटीवरच्या देखण्या तरुणाचा चेहरा आधी मी नीट छापला आणि मग त्याच्याच सांगण्यावरून धुरकट केला. नुसते केस दिसायला हवे होते. असली गिऱ्हाइकं अधूनमधून येतच. सगळीच तशी नव्हती, पण चित्राला कोणी नाक मुरडलं की ही भानगड धर्माची, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मी स्वतः पाच वक्ताचा नमाजी, त्यामुळे वाद घालत नसे. डोळे पुसायचे आणि पुढचं काम घ्यायचं. ही समजूत मला पुढे फार महागात पडणार होती.

पाट्या रंगवणाऱ्याला तिथे खत्तात म्हणतात. माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, हाच हुद्दा लिहिलेला होता. मूळचा मी दापोलीकडचा. लहानपणी मदरशात अरबी वाचायला शिकलो, त्यामुळे अक्षर ओळखीचं होतं. आपली अक्षरं रेघेला टांगलेली असतात, अरबी अक्षरं रेघेवर बसतात, एवढं हाताला शिकवलं की बाकी सवयीचा भाग. फक्त एक गोम होती. मला अरबी सुंदर लिहिता यायचं, खडाखडा वाचता यायचं, पण कळायचं निम्मं. दवाखाना, लाँड्री, टायर पंक्चर एवढं कळलं की पाटीवाल्याचं पोट भरतं. सरकारी कागद आला की मात्र मी मान डोलावत असे. तेवीस वर्षं मी कित्येक कागदांपुढे अशी मान डोलावली आहे.

ब्रश गेला, कटिंग मशीन आलं, मग फ्लेक्स आला. दुकानात आम्ही सहाजण होतो. मशीनवर केरळचा बशीर, बाकीचे फिटिंगवाले, आणि संगणकावर मी. अरबी मजकूर मीच लावायचो. आमच्याकडचं सॉफ्टवेअर जुनं होतं. त्यात अरबी नाव टाईप केलं की अक्षरं सुटी सुटी, उलटी पडत. एक विशिष्ट सेटिंग बदललं की ती आपोआप जुळत. हे सेटिंग दुकानात फक्त मला ठाऊक होतं आणि ते तसंच राहील याची मी काळजी घेत होतो. गवंडी असो की आचारी, शेवटची चिमूट कोणी शिकवत नाही, असं मी स्वतःला समजावत असे.

आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर दुकान आणि ज्याच्या जिवावर आमचे इकामे, तो पन्नाशीचा शांत माणूस होता. आवाज कधी चढवायचा नाही. त्यामुळेच त्याची भीती जास्त वाटायची. ओरडणाऱ्या मालकाचा राग कळतो. याचं काहीच कळत नसे.

एके दिवशी दुकानात येऊन तो म्हणाला की तो बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कौन्सिलला उभा राहतोय. बायकांना पहिल्यांदा मत देता आलं ती ही निवडणूक. मला इतका आनंद झाला की काही विचारू नका. वीस वर्षांत तिथे मला माझ्या खऱ्या कामाचं कोणी विचारलं नव्हतं.

कारण माझं खरं शिक्षण निवडणुकीत झालं होतं. ग्रामपंचायत असो की झेडपी, आमच्या पंचक्रोशीतल्या भिंती मी रंगवल्या आहेत. आधी चुन्याने भिंत पांढरी करायची, कोपऱ्यात 'राखीव' लिहून ठेवायचं आणि मग निशाणी काढायची. एकदा एकाच घराच्या पुढच्या भिंतीवर एक पॅनल आणि मागच्या भिंतीवर विरोधी पॅनल मीच रंगवलं होतं. घरमालकाने दोन्हीकडून होकार दिला होता, मी कोण नाही म्हणणारा? पुढे फ्लेक्स आल्यावर फोटोंचं राज्य सुरू झालं. मध्ये उमेदवार, वर नेते, खाली शुभेच्छुकांची रांग. एखाद्या चुलत्याचा फोटो राहिला तर तो मतदानाला यायचा नाही. सुट्टीवर गेलो की गावचे बॅनर माझ्याकडेच. जेद्दाहून फाइली करून पाठवल्या आहेत. आमच्याकडे फोटोशिवाय बॅनर म्हणजे नवऱ्याशिवाय वरात.

पण त्याच वर्षी माझ्या मानेवर दुसरी सुरी होती. सौदीकरणाचे नियम कडक झाले होते. दुकानात ठरलेले सौदी नोकर नसले तर दुकान 'लाल' व्हायचं, आणि दुकान लाल झालं की आम्हा परदेशी लोकांचे इकामे पुढे सरकत नसत. बरेच मालक कुठल्यातरी नातेवाइकाचं नाव कागदावर टाकून मोकळे होत. तो माणूस घरी झोपायचा आणि दुकान हिरवं राहायचं. आमचा कफील निवडणुकीला उभा राहणार, म्हणून त्याने ते केलं नाही. त्याने खराखुरा माणूस आणला.

त्याचं नाव अबू तुर्की. चाळिशी ओलांडलेला, पूर्वी कुठेतरी पहारेकरी होता. सकाळी दहाला काहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास घेऊन यायचा आणि पहिला पेला मला द्यायचा. कफीलने मला सांगितलं, याला काम शिकव. सगळं शिकव.

मी काय समजायचं ते समजलो. वर्षभरात हा तयार झाला की सलीमची, म्हणजे माझी, गरज संपली. म्हणून मी त्याला आयलेट, म्हणजे बॅनरला दोरी ओवायच्या कड्या, मारायला शिकवलं, लॅमिनेशन शिकवलं, फ्लेक्सची घडी घालायला शिकवली. संगणकावर बसवलं तेव्हा ते सेटिंग बंद करून ठेवलं. त्याने स्वतःचं नाव टाईप केलं आणि अक्षरं विस्कटून पडली. त्याने पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी म्हटलं, येईल हळूहळू, हाताला सवय लागावी लागते. बिचारा रोज दुपारी अर्धा तास बसायचा. एका वहीत माझी प्रत्येक कृती अरबीत टिपून घ्यायचा. मी उलटसुलट सांगायचो आणि तो तेही टिपून घ्यायचा.

मला तेव्हा याची लाज वाटली नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे फक्त एक तारीख होती. माझा इकामा जानेवारीत संपत होता. मुलगी सना तिथल्या इंडियन स्कूलमध्ये बारावीला होती, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. माझा इकामा संपला की तिचाही संपला. वर्षाच्या मधेच गावी गेली असती तर वर्ष गेलं असतं, आणि मेडिकलचं जे काही तिने डोक्यात घेतलं होतं तेही गेलं असतं. कफीलला विचारलं तर तो म्हणाला, निवडणूक होऊ दे, मग बघू, इन्शाअल्लाह. या शब्दात होकार आहे की नकार हे तेवीस वर्षांत मला कळलं नाही. सना अधूनमधून विचारायची, "अब्बा, मेरा सेंटर यहीं है ना? कन्फर्म?" मी हो म्हणायचो आणि रात्रभर कूस बदलत राहायचो.

म्हणून मी ठरवलं की कफीलला असं खूश करायचं की इकाम्याचं तोंडाने मागायला लागू नये. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

प्रचार सुरू व्हायच्या दिवशी कफील मदिनेला गेला होता, दुसऱ्या दिवशी दुपारी परतणार होता. त्याने मजकूर लिहून दिला होता. गल्लीतले दिवे, सांडपाण्याचे टँकर, मुलांसाठी बाग, आणि वर त्याचं नाव. एवढंच. मला ते अगदी बोडकं वाटलं. दुकानात त्याच्या मुलाच्या लग्नातला एक फोटो होता, खांद्यावर सोनेरी काठाचा बिश्त, म्हणजे समारंभाचा झगा, चेहऱ्यावर हसू. मी तो कापला, मागचं झुंबर काढून टाकलं, निळं आकाश टाकलं, आणि उजव्या बाजूला पुरुषभर उंचीचा कफील उभा केला. खाली शुभेच्छुकांची रांग तेवढी टाकली नाही, तीही माझ्याकडे फोटो नव्हते म्हणून.

बशीरने छापला. अबू तुर्की आयलेट मारायला वाकला आणि थांबला. म्हणाला, फोटो चालत नाही, ही तसवीर काढ. मला बोकड आठवला, सलूनवाला आठवला. मी हसलो. म्हटलं, "अबू तुर्की, तू तुझं काम कर. हे कफीलचं काम आहे, मशिदीचं नाही." तो आणखी काही सांगू पाहत होता, समितीचा कागद असं काहीतरी म्हणाला. मी त्याच्या हातातली हातोडी घेऊन उरलेली आयलेटं स्वतः मारली. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजानंतर आम्ही बॅनर प्रचाराच्या तंबूबाहेर लावला. मी चार पावलं मागे जाऊन पाहिलं. एवढं सुबक काम माझ्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

कफीलच्या टेबलावर आठवडाभर एक पुस्तिका पडून होती. उमेदवारांचे नियम होते त्यात. ती मीही चाळली होती, मान डोलावून ठेवून दिली होती. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की कोणत्याही उमेदवाराचा, बाई असो की पुरुष, फोटो प्रचारात वापरायचा नाही. धर्माचा काही संबंध नव्हता. अबू तुर्कीने ती वाचली होती.

तासाभरात बॅनरचा फोटो कुणीतरी काढला आणि तो मोबाइल ते मोबाइल फिरला. सकाळी दुकानात निवडणूक समितीचे दोघे आले. तंबूबाहेरचा बॅनर त्यांनी आधीच उतरवून घेतला होता, आणि कफीलने उद्या येऊन लेखी खुलासा द्यावा असा निरोप त्यांनी ठेवला. बॅनर कोणी केला, कोणी लावला, त्याची सही हवी होती. नाव उमेदवारांच्या यादीतून काढून टाकू शकतात, असं बशीरला एकाने जाताजाता सांगितलं.

माझी पाचावर धारण बसली. कफील दुपारी येणार होता. ते चार तास मी कसे काढले ते मलाच माहीत. शाईच्या टाक्या तीनदा पुसल्या. घरी फोन केला. रेहाना, माझी बायको, म्हणाली, "तुमी खरा ता सांगून टाका. मंग जा होयल ता होयल." मी म्हटलं, जे होईल ते सनाचं होईल.

कफील आला, खुर्चीत बसला, डोक्यावरचा रुमाल, गुत्रा, काढून टेबलावर ठेवला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने शांतपणे विचारलं की बॅनर कोणाचा. बशीर मशीनकडे बघू लागला, बाकीचे जमिनीकडे. सगळ्यांना माहीत होतं. मी तोंड उघडलं, पण टाळूला चिकटलेली जीभ सुटेना. खरं सांगायचं तर जीभ सुटू नये असंच मला वाटत होतं.

अबू तुर्की थर्मासचं झाकण लावत म्हणाला, "माझा. मी केला, मीच लावला."

कफीलने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग कागद पुढे सरकवला. अबू तुर्कीने सही केली.

मी मूग गिळून बसलो. आधी बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. लाज नंतर आली, आणि तीही सबंध आली नाही, हप्त्याहप्त्याने आली.

कफील गेल्यावर मी अबू तुर्कीला मागच्या बाजूला गाठलं. असं का केलंस म्हणून विचारलं. तो मोडक्या हिंदीत आणि अरबीत समजावू लागला, एखाद्या पोराला हिशेब समजवावा तसा. "मला काढलं तर दुकान लाल होईल, म्हणून मला कोणी काढणार नाही. तुला काढलं तर काय होईल? तुझ्या मुलीची परीक्षा आहे." त्याला परीक्षेचं मी कधी सांगितलं होतं ते मला आठवेना. काहव्याच्या कुठल्यातरी पेल्याबरोबर बोलून गेलो असेन. तो माझं बोलणं ऐकत होता.

समितीने खुलासा मान्य केला. कफीलचं नाव यादीत राहिलं. नवे बॅनर मी बिनफोटोचे केले आणि प्रत्येक ओळ छापण्याआधी अबू तुर्कीला वाचायला लावली. दहा-बारा दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. समितीची गाडी दिसली की मी संडासात जाऊन बसत असे. मतदान झालं. कफील निवडून आला नाही. त्याने एका शब्दानेही वाईट वाटल्याचं दाखवलं नाही, फक्त तंबू काढायला सांगितला.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी अबू तुर्की कामावर आला नाही. त्याच्या पुढच्याही दिवशी आला नाही. मला वाटलं आजारी असेल. जानेवारी यायला मोजके दिवस उरले होते, म्हणून मी धीर करून कफीलकडे गेलो. त्याने मला समोर बसवलं, मोबाइलवर सरकारी पोर्टल उघडलं, दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि म्हणाला, खलास, एक वर्ष झालं. इकामा वाढला होता. मी ज्या गोष्टीसाठी तीन महिने जळत होतो ती चहा गार व्हायच्या आत झाली. मला रडू आलं. आणि त्याच भरात मी विचारलं की अबू तुर्की कुठे आहे.

त्याला काढलं, असं कफील म्हणाला. आता भाच्याचं नाव कागदावर टाकलंय, दुकान हिरवंच राहील. निवडणूक संपली होती, आता खराखुरा माणूस ठेवायचं कारण राहिलं नव्हतं.

माझ्या तोंडून निघून गेलं की तो बॅनर अबू तुर्कीचा नव्हता. सांगितलं एकदाचं, पण केव्हा, तर इकामा झाल्यावर.

कफील हसला. त्याला हसताना मी त्या फोटोनंतर तेव्हाच पाहिलं. म्हणाला, "ते मला त्याच मिनिटाला कळलं होतं. ज्याला दहा महिन्यांत स्वतःचं नाव लावता आलं नाही, तो एवढा बॅनर कसा करेल? समितीपुढे परदेशी नाव नको होतं, मला फक्त सौदी सही हवी होती." मग सहज सांगावं तसं तो म्हणाला, "मी त्याला ठेवायला तयार होतो, सलीम. तो काम शिकला असता तर तुझा इकामा करायची मला गरजच नव्हती. पण तो शिकला नाही."

मी उठलो. शुक्रन म्हटलं. बाहेर आलो तर ऊन डोळ्यांवर आलं आणि मी बराच वेळ रस्ता ओलांडायचा विसरून उभा राहिलो. इतके दिवस मला वाटत होतं की अबू तुर्कीच्या खोट्याने मला वाचवलं. मला वाचवलं होतं माझ्या लबाडीने, आणि तिनेच त्याला घालवलं होतं.

सनाने मार्चमध्ये परीक्षा दिली, तिच्याच शाळेत, तिच्याच सेंटरवर. गुण चांगले पडले. आज ती डॉक्टर व्हायच्या वाटेवर आहे आणि तिला यातलं काही माहीत नाही.

निकाल लागल्यावर मी अबू तुर्कीला शोधून काढलं. तो एका खासगी हॉस्पिटलच्या गेटवर पुन्हा पहारेकरी झाला होता. उन्हात उभा होता, येणाऱ्या गाड्यांना हात करत होता. मी घरून एक वाक्य अरबीत पाठ करून गेलो होतो. आयुष्यात पहिल्यांदाच अरबीतलं एक सबंध वाक्य, अर्थासकट, माझ्या तोंडात तयार होतं. मला पाहताच त्याने मिठी मारली, दोन्ही गाल लावले आणि मी काही बोलायच्या आत विचारलं की मुलीची परीक्षा कशी झाली. मी सांगितलं. अल्हमदुलिल्लाह म्हणत त्याने आकाशाकडे पाहिलं. मग माझा हात तसाच हातात धरून तो म्हणाला, "तू माझ्यावर फार मेहनत घेतलीस, सलीम. रोज शिकवायचास. माझंच डोकं चाललं नाही. मला माफ कर."

माझं पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं. मागून एका गाडीने हॉर्न दिला, तो तिकडे वळला, आणि मी सलाम करून निघालो.

आता मी गावी असतो. संपादकांनी आखातातलं काहीतरी लिहा म्हणून आग्रह केला, तेव्हा बोकडापासून सुरुवात केली, कारण ते सोपं होतं. बाकीचंही लिहून टाकलं. एवढं धीराने लिहिता आलं, कारण अबू तुर्कीला मराठी वाचता येत नाही.